वजा पंधरा

(दुपार. फोनवर. श्यामसुंदर सदाशिव पेठेतल्या घरी, झोपलेल्या नातीपाशी. सून नीरजा खराडीला ऑफिसात.)

श्यामसुंदर : लाल म्हणजे लाल. लाल आणि केशरी यातला फरक मला अजून कळतो. मोतीबिंदू काढलाय माझा.

नीरजा : तसं नाही हो बाबा. डबीवर काय काय दिसतंय ते वरपासून वाचून दाखवा. आमोदने ओवीच्या दंडावरचा साखरेचा सेन्सर सकाळी तुमच्या डबीशी जुळवला ना, तेव्हापासून माझा फोन कोरा आहे. मला इथून काहीच दिसत नाहीये.

श्यामसुंदर : वाचतो. वर मोठ्ठं एकशे बारा. ती आत्ताची साखर. शेजारी बाण, तोंड वर. खाली लिहिलंय, ‘वीस मिनिटांत चारशे’. आणि चारशे लालभडक.

नीरजा : चारशे? जेवून किती वेळ झाला तिला?

श्यामसुंदर : तास होत आला. शाळेतून आली ती लेझीम खेळून घामाघूम. संमेलनाची तालीम चाललीये म्हणे. जेवणाआधीचं इन्सुलिन तू सांगितलंस तेवढंच दिलं. पण पोळी तिने अर्धी टाकली. मला वाटलं की...

नीरजा : बाबा, ‘वाटलं’ नको. ठरलंय ना आपलं?

श्यामसुंदर : ठरलंय बाई. या घरात वाटायला बंदी आहे. आकडा म्हणेल ते खरं, आकड्याशी वाद नाही. मी आकडा सांगितला. आता पुढचा हुकूम?

नीरजा : शाळेत काही गोडधोड खाल्लंय का तिने?

श्यामसुंदर : विचारलं. नाही म्हणाली. पण नऊ वर्षांची पोर चॉकलेट खाऊन ‘खाल्लं’ म्हणेल का?

नीरजा : खाल्लंच असणार. तालमीला बाई काहीतरी वाटतातच. मागच्या वर्षीही हेच झालं होतं. चारशे फार होतात हो. दोन युनिट द्या.

श्यामसुंदर : बोट टोचून बघू आधी? डॉक्टर म्हणाले होते, जादाचं द्यायचं तर आधी रक्त बघा.

नीरजा : हो, मीटर घ्या आणि... अरे देवा. मीटर माझ्या पर्समध्ये आहे. रविवारी मावशींकडे जाताना टाकलं होतं.

श्यामसुंदर : वा. छान.

नीरजा : बाबा, प्लीज. टोमणे नंतर. आत्ता थांबलो तर चढत जाईल. इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात आहे. दोनवर फिरवा आणि द्या.

श्यामसुंदर : पेन माझ्या हातातच आहे. फोन उशीवर ठेवतो, थांब... ओवी, अगं, जरा कुशीवर हो. पोट दाखव. शहाणी माझी ती... हं. दिलं. दोन.

नीरजा : रडली का?

श्यामसुंदर : हूं नाही की चूं नाही. जागीसुद्धा झाली नाही. एरवी सुई दिसली की वरच्या मजल्यावरचे दार वाजवतात.

नीरजा : दमली असेल.

श्यामसुंदर : असेल.

नीरजा : नवा आकडा पाच मिनिटांनी येईल. फोन ठेवू नका, बाबा.

श्यामसुंदर : नाही ठेवत. तुझी ती मीटिंग?

नीरजा : जाऊ दे मीटिंग. बोलत राहा काहीतरी.

श्यामसुंदर : काय बोलू? ही भिंतीवरची डबी बरी केलीये आमोदने, एवढं बोलतो. तुमच्या फोनवरचे आकडे मुंगीएवढे. हिचा आकडा पलंगावरून दिसतो. अख्खा रविवार बसला होता तारांना डाग देत. मी म्हटलं, अरे, कशाला? तर म्हणाला, तुमच्यासाठी.

नीरजा : तुमच्यासाठीच केलीये त्याने.

श्यामसुंदर : माहीत आहे. दिवाळीत मी हिला वाटीभर बासुंदी दिली, तेव्हा काय बोलला होता आठवतंय ना? ‘बाबा, तुमच्या लाडाने पोर जाईल एक दिवस.’ बासुंदी दिली कारण पोर मलूल दिसली. मला वाटलं, साखर उतरलीये. उतरली नव्हती, चढली होती. चूक माझीच. पण ते वाक्य घशात अडकून बसलंय. त्यालाही माहीत आहे. माफी मागता येत नाही त्याला, डबी करता येते. लहानपणापासून तसाच.

नीरजा : बाबा...

श्यामसुंदर : थांब. आकडा बदलला. सत्त्याण्णव.

नीरजा : काय?

श्यामसुंदर : नऊ, सात. सत्त्याण्णव. खाली मात्र तेच. वीस मिनिटांत चारशे. बाण वर.

नीरजा : सत्त्याण्णव कसे होतील? मघाशी एकशे बारा होते.

श्यामसुंदर : तेच विचारतोय. इन्सुलिन एवढ्यात लागलं?

नीरजा : पाच मिनिटांत नाही लागत. वीस मिनिटं तरी जातात.

श्यामसुंदर : मग उतरली कशी? आणि उतरत असली तर बाण वर कसा? पर्वतीच्या पायऱ्या उतरताना दिसतोय माणूस, आणि ही म्हणते, बघा, दर्शनाला चाललाय!

नीरजा : बाबा, एकशे बाराच्या आधी किती होते? पाहिलं होतं का?

श्यामसुंदर : तुला फोन लावायच्या जरा आधी पाहिलं होतं. एकशे सत्तावीस.

नीरजा : सत्तावीस, बारा, सत्त्याण्णव. बाबा, डबीच्या उजव्या अंगाला एक बारीक बटण आहे. दाबा. आमोदने तपासायला म्हणून आत दुसरा पडदा ठेवलाय.

श्यामसुंदर : दाबलं. आकड्याखाली काहीतरी मराठीतच लिहिलंय. ‘फरक’. आणि पुढे दोनशे एक्केचाळीस.

नीरजा : किती?

श्यामसुंदर : दोन, चार, एक. पाच मिनिटांत दोनशे एक्केचाळीसने वाढली म्हणे. काहीतरीच काय! ...नीरजा? अगं, ऐकतेस ना?

नीरजा : बाबा, ओवीला उठवा.

श्यामसुंदर : आं?

नीरजा : उठवा तिला आणि ग्लुकोज द्या. ओट्यावरच्या फळीवर हिरवा डबा आहे. पळा. म्हणजे पळू नका, पडाल, पण जा. आत्ता जा!

श्यामसुंदर : साखर देऊ? दोन युनिट इन्सुलिन दे म्हणालीस, आता साखर दे म्हणतेस. डबी चारशे म्हणतेय, नीरजा!

नीरजा : डबी चुकतेय. तिची साखर चढत नाहीये, उतरतेय. मघापासून उतरतेय.

श्यामसुंदर : कशावरून?

नीरजा : बाबा, वेळ नाहीये हो!

श्यामसुंदर : वेळ नाही म्हणूनच विचारतोय. आत्ताच या हाताने एक सुई टोचलीये. ती चुकली असेल तर दुसरी चूक मला करायची नाही. मला कळू दे. दोन वाक्यांत सांग, पण कळू दे.

नीरजा : चालता चालता ऐका. निघालात?

श्यामसुंदर : निघालो.

नीरजा : वेधशाळेत तुमच्याकडे ते दांडीचं यंत्र होतं ना, हिशेबाचं? दांडी पुढे फिरवली की बेरीज, उलटी फिरवली की वजाबाकी.

श्यामसुंदर : होतं. माझी बावीस-तेवीस वर्षं त्याच्यावरच... डबा सापडला.

नीरजा : झाकण उघडा. पेलाभर पाण्यात तीन मोठे चमचे. त्या यंत्रात शून्य असताना दांडी उलटी एक फेरा फिरवली तर काय दिसायचं?

श्यामसुंदर : नऊ. सगळ्या खिडक्यांत नऊच नऊ. आणि टण्णकन घंटी वाजायची.

नीरजा : मग ते नऊ-नऊ-नऊ म्हणजे खरोखर तेवढा मोठा आकडा असायचा?

श्यामसुंदर : छे छे. ते वजा एक. घंटी वाजली की समजायचं, शून्याखाली गेलो.

नीरजा : या डबीचं तसंच आहे. फरक ठेवायला तिच्याकडे आठ खिडक्या आहेत. पण खिडकीत नऊपर्यंत जात नाही, शून्य किंवा एक, एवढंच. सगळ्या खिडक्या एकने भरल्या की दोनशे पंचावन्न. त्याच्या पुढे पुन्हा शून्य. आणि शून्यावरून एक घर मागे गेलं की...

श्यामसुंदर : दोनशे पंचावन्न. म्हणजे वजा एक.

नीरजा : आणि पंधरा घरं मागे?

श्यामसुंदर : दोनशे छप्पन्नातून पंधरा... एक्केचाळीस. दोनशे एक्केचाळीस. अरे बापरे.

नीरजा : ती पंधराने उतरतेय. त्याच आठ खिडक्या आहेत. वजा पंधरा म्हणून वाचल्या तर पंधराने उतरली, आणि वजा माहीतच नसेल तर दोनशे एक्केचाळीसने चढली. डबीने चढली असं वाचलं.

श्यामसुंदर : ताळा दे.

नीरजा : बाबा!

श्यामसुंदर : चमचा ढवळतोय मी, हात चाललाय. ताळा केल्याशिवाय आमच्याकडे आकडा पुढच्या टेबलावर जायचा नाही.

नीरजा : एकशे बारात दोनशे एक्केचाळीस मिळवा.

श्यामसुंदर : तीनशे त्रेपन्न.

नीरजा : दोनशे छप्पन्न म्हणजे पूर्ण फेरा. तो खिडक्यांत मावत नाही, सांडून जातो. काढून टाका.

श्यामसुंदर : तीनशे त्रेपन्न वजा दोनशे छप्पन्न... सत्त्याण्णव.

नीरजा : आणि सेन्सर काय म्हणाला?

श्यामसुंदर : सत्त्याण्णव. ...नीरजा, अगं, उतरणाऱ्या पोरीला मी इन्सुलिन टोचलं.

नीरजा : मी सांगितलं म्हणून टोचलं. आता खोलीत जा. मी आमोदला फोनमध्ये घेते. लाइन तोडू नका, बाबा. ऐकताय ना? तोडू नका!

श्यामसुंदर : ओवी. ए ओवी. ऊठ बाळा. चिमणे, ऊठ गं. कपाळ गार पडलंय हिचं. केस ओले झालेत घामाने. हा घाम लेझीमचा नाही गं. मी लेझीमचा समजत बसलो...

नीरजा : आमोद, आलास? ऐक. ओवीची साखर लो चाललीये. बाबांच्या डबीत फरक कुठल्या टाइपमध्ये ठेवलायस?

आमोद : काय? मी क्लायंट कॉलवर आहे, नीरजा. काय झालं?

नीरजा : टाइप सांग, आमोद!

आमोद : कॅरेक्टर. एका बाइटमध्ये मावतं म्हणून. का? मी टेस्ट केलंय सगळं. निगेटिव्ह व्हॅल्यूज टाकूनसुद्धा.

नीरजा : कुठे टेस्ट केलंस?

आमोद : लॅपटॉपवर.

नीरजा : आणि डबीवर?

आमोद : डबीवर... नाही. सकाळी लावायची होती ना. कोड तोच आहे.

नीरजा : कोड तोच आहे, चिप तीच नाहीये! लॅपटॉप त्या टाइपला वजा-अधिक दोन्ही धरतो. ती चिप फक्त अधिक धरते. आमच्या ऑफिसात वॉशिंग मशीनच्या चिपवर हाच घोळ झाला होता गेल्या वर्षी, घरी येऊन मी तुला सांगितला होता. जेवताना! तू हसला होतास!

आमोद : ओह शिट. म्हणजे मायनस पंधराचे... पण मग वीस मिनिटांचा आकडा हजाराच्या वर जायला हवा. कुणालाही कळलं असतं की...

नीरजा : तू चारशेला वरची मर्यादा घातलीस.

आमोद : स्क्रीनवर तीनच आकडे मावतात म्हणून. मला वाटलं...

श्यामसुंदर : तुलाही वाटलं का? वा. ...अरे, पोर उठत नाहीये!

आमोद : बाबा? बाबा, किती आहे आत्ता?

श्यामसुंदर : आताच आला. ब्याऐंशी. फरक दोनशे एक्केचाळीस. म्हणजे पंधराच.

नीरजा : बाबा, सेन्सर मागे असतो, खरी साखर याच्याहून कमी असेल. आणि इन्सुलिन अजून लागायचंय. आमोद, एकशे आठला फोन लाव. दुसऱ्या फोनवरून. कोड उघडू नकोस!

आमोद : मी फक्त एक लाइन बघत होतो...

नीरजा : आमोद!

आमोद : लावतो. लावतो.

श्यामसुंदर : खालच्या डॉक्टरांना हाक मारू का?

नीरजा : आत्ता असतील ते?

श्यामसुंदर : दुपारचे कसले असतात! चारपर्यंत दाराला कुलूप. सदाशिव पेठेत दुपारी आजारी पडायची पद्धत नाही.

नीरजा : मग तिला सोडून कुठे जाऊ नका. उशीला टेकवून बसती करा. पाणी तोंडात ओतू नका हं, ठसका लागेल. डब्यातली कोरडी पूड बोटावर घ्या आणि गालाच्या आतून लावा. हिरड्यांना चोळा.

श्यामसुंदर : बसवलं. मान टाकतेय. पूड... सांडली अर्धी गादीवर. सांडू दे. हं. ओवी, तोंड उघड. आजोबा आहे मी. चोळतोय गं मी, नीरजा. दात घट्ट धरलेत हिने.

नीरजा : गालातून बोट सारा. मी निघालेय, रिक्षात बसतेय. दादा, सदाशिव पेठ. मीटर राहू द्या, चला फक्त. ...बाबा, ती श्वास नीट घेतेय ना?

श्यामसुंदर : घेतेय. छाती हलतेय. माझ्या मांडीवर डोकं घेतलंय.

आमोद : अ‍ॅम्ब्युलन्स निघालीये. लक्ष्मी रोडला गर्दी आहे म्हणाले, वेळ लागेल. समोरच्या दुर्गाबाईंना फोन केला, त्या दार उघडून जिन्यात उभ्या राहताहेत. मीही निघालोय. वाकडचा पूल पूर्ण जॅम आहे. बाबा, आता किती?

श्यामसुंदर : अजून बदलला नाही. सारखं किती किती विचारू नकोस.

आमोद : बाबा, सॉरी. माझीच...

श्यामसुंदर : आत्ता नको.

नीरजा : ग्लुकोज पोटात जातंय का तिच्या?

श्यामसुंदर : गिळल्यासारखं केलं. हं, घसा हलला. परत लावतो. आला आकडा. सत्तर. फरक दोनशे चव्वेचाळीस. अगं, हा तर वाढला!

नीरजा : फरक वाढला म्हणजे चांगलं, बाबा. छप्पन्नच्या जवळ येतोय. पंधराने पडत होती, आता...

श्यामसुंदर : बाराने. वजा बारा. पडतेच आहे पण.

नीरजा : पडतेच आहे. चोळत राहा.

आमोद : नीरजा, तू कुठे पोचलीस?

नीरजा : येरवड्याच्या सिग्नलला. हलतच नाहीये काही. अहो दादा, कडेने काढा ना! ...आमोद, मी म्हटलं दोन युनिट द्या. बाबांनी विचारलं होतं, बोट टोचून बघू का. मी काम काय करते? दिवसभर चिपच करते. आकडा बघूनच मला कळायला हवं होतं, कुणाची साखर वीस मिनिटांत एवढी चढत नाही. मी म्हटलं चॉकलेट खाल्लं असेल. पोरीवर खोटा आळ घेतला आणि...

आमोद : तू स्क्रीनवर विश्वास ठेवलास. स्क्रीन मी केली.

श्यामसुंदर : तुमचं भांडण मिटलं की सांगा. इथे पोरीच्या पापण्या हलताहेत.

नीरजा : हलताहेत? बाबा, बोलवा तिला. बोलत राहा तिच्याशी.

श्यामसुंदर : ओवी. अगं, लेझीमच्या पथकातली पुढची रांग तुझी ना? तूच म्हणालीस, बाईंनी पुढे उभं केलं. मग पुढच्या रांगेतल्या मुली दुपारी अशा लोळत पडतात का? अं? काय म्हणतेस?

ओवी : ...गोड.

श्यामसुंदर : गोड म्हणाली! नीरजा, बोलली! गोड लागतंय म्हणते!

नीरजा : ओवी! बाळा, आई बोलतेय. आजोबा पाणी देतील ते पी हं. घोट घोट. बाबा, आता पेला द्या. एकेक घोट, घाई नको.

श्यामसुंदर : देतोय. पितेय. दोन्ही हातांनी धरलाय पेला तिने. पी, चिमणे.

आमोद : बाबा, आकडा?

श्यामसुंदर : अठ्ठावन्न.

आमोद : अठ्ठावन्न? खालीच गेली?

नीरजा : फरक? बाबा, फरक किती?

श्यामसुंदर : चव्वेचाळीसच. अजून बारानेच पडतेय. पण पेला निम्मा संपलाय. मी दुसरा करून आणू का?

नीरजा : तिच्यापासून उठू नका. तोच संपू दे. आत्ता प्यायलेलं आकड्यात यायला वेळ लागतो.

श्यामसुंदर : घंटी तरी बसवायचीस रे, आमोद. आमच्या यंत्राला घंटी होती. शून्याखाली गेलं की अख्ख्या हॉलला कळायचं. कारकून चहा पीत असला तरी मान वर करायचा. तुझ्या डबीत वजाचं अधिक झालं आणि ती हूं म्हणाली नाही.

आमोद : चिपमध्ये ती खूण असते, बाबा. सांडलं की आत एक ठिपका पेटतो. तो बघायला कोड लिहावा लागतो. मी नाही लिहिला.

श्यामसुंदर : म्हणजे घंटी वाजते आणि ऐकायला कोणी नसतं.

आमोद : हो.

श्यामसुंदर : बोलू नका आता. बदलायची वेळ झालीये. ...आला. चौपन्न.

नीरजा : देवा.

श्यामसुंदर : थांब. फरक वाचू दे. दोनशे बावन्न. बावन्न, त्रेपन्न, चौपन्न, पंचावन्न, छप्पन्न. चार. वजा चार! बाराची चारवर आली!

नीरजा : थांबतेय. आमोद, थांबतेय ती.

आमोद : ऐकतोय मी. गाडी बाजूला घेतलीये. चालवता येत नाहीये मला.

ओवी : आजोबा, माझ्या गालाला काय चिकटलंय?

श्यामसुंदर : माझी बोटं. आणि अर्धा डबा ग्लुकोज. तुझी आई आल्यावर गादी बघून आपल्या दोघांना घराबाहेर काढणार आहे.

ओवी : मला इंजेक्शन दिलंत का झोपेत?

श्यामसुंदर : दिलं, बाळा.

ओवी : विचारलं का नाही?

श्यामसुंदर : चुकलंच माझं.

ओवी : मी चॉकलेट नाही खाल्लं. समर्थ देत होता, मी नाही घेतलं.

नीरजा : ऐकलं मी, बाळा. खरं आहे तुझं.

ओवी : आई, तू रडतेयस?

नीरजा : नाही गं. रिक्षात धूळ येतेय.

श्यामसुंदर : आकडा! सत्तावन्न! आणि फरक, आमोद, फरक तीन!

आमोद : तीन म्हणजे... म्हणजे किती, थांबा, दोनशे छप्पन्न...

श्यामसुंदर : अरे, छप्पन्नातून काही काढायचं नाही आता. नुसता तीन. सरळ, खरा, अधिक तीन. चढली पोर!

आमोद : चढली.

नीरजा : अजून सावध राहायला हवं. दोन युनिट आत आहेत, तीन-चार तास ओढत राहतील. आमोद, अ‍ॅम्ब्युलन्स परत पाठवू नकोस. येऊ दे, तपासू दे त्यांना.

आमोद : हो. बाबा, मी येऊन ती डबी काढतो. लगेच. एका शब्दाचं काम आहे, पण आधी काढतो.

श्यामसुंदर : काढू नकोस. दुरुस्त कर आणि तिथेच लाव. लॅपटॉपवर नाही, या भिंतीवर तपासायची, माझ्यासमोर. चढतानाही आणि उतरतानाही. आणि घंटी लाव.

आमोद : लावतो. बाबा, दिवाळीत मी जे बोललो ना...

श्यामसुंदर : ऐकायला येतंय मला. गाडी सुरू कर आता. हळू ये.

ओवी : आजोबा, भूक लागली.

श्यामसुंदर : नीरजा, भूक लागली म्हणते. काय देऊ? पोळी की भात? किती देऊ? वाटीने सांग, चमच्याने सांग, तू म्हणशील तेवढंच वाढतो. डबीवर आत्ता पासष्ट आहेत, फरक...

नीरजा : तुम्हाला काय वाटतं, बाबा?

श्यामसुंदर : मला?

नीरजा : हो. तुम्हाला वाटेल तेवढं द्या.

श्यामसुंदर : मला वाटतं... मघाची अर्धी पोळी राहिलीये तिची. ती आधी खाऊ दे.